आरास आणि उजेड

कार्तिकी पौर्णिमेच्या संध्याकाळी पुण्याच्या नारायण पेठेतून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर माणसांची रीघ लागते. केसरीवाडा, मोदी गणपती, पत्र्या मारुती या परिसरातील बिऱ्हाडे आणि दुकाने मागे टाकून ही मंडळी लगतच्या शनिवार पेठेतील ओंकारेश्वराकडे निघालेली असतात. हवेत थंडी उतरू लागलेली असते. कोणाच्या हातात पणत्यांचे ताट, कोणाकडे तेलाची बाटली, कोणाकडे घरी वळलेल्या वातींची पुडी. पेशवाईच्या काळापासून मुठेच्या काठी उभ्या असलेल्या या देवळात, पायऱ्यांवर आणि कट्ट्यांवर पाहता पाहता दिव्यांच्या ओळी उमटतात. त्रिपुरी पौर्णिमेचा हा दीपोत्सव पुण्यात पर्वतीवर आणि इतर अनेक देवळांतही होतो. त्याच पौर्णिमेला गुरू नानकांची जयंती असल्याने गुरुद्वारेही उजळलेली असतात. तास-दीड तास का होईना, शहराला आपल्याच काठाची नव्याने ओळख होते.

अशा प्रसंगी परिवर्तनवादी कार्यकर्त्यापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो : या गर्दीत जावे की नाही? याची दोन उत्तरे ठरून गेलेली आहेत. एक असे की, त्रिपुरासुराच्या वधाची पुराणकथा आणि तिच्या नावाने जाळले जाणारे तेल यांच्याशी विवेकवाद्याने संबंध ठेवू नये. दुसरे असे की, लोक आनंदात असताना हिशेब मांडणे म्हणजे अरसिकपणा होय. उत्सवाच्या दिवशी राजकारण नको. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिले उत्तर देणारा लोकांच्या आनंदाकडे पाठ फिरवतो आणि ती मोकळी जागा दुसऱ्या कोणाला तरी आंदण देतो. दुसरे उत्तर देणारा हे विसरतो की, सार्वजनिक दिव्याइतकी राजकीय वस्तू शहरात दुसरी क्वचितच असेल. दिवा कोठे लागतो, कोणाच्या पैशाने लागतो, तो लावण्याचा मान कोणाला मिळतो आणि तो लागला म्हणून कोणाच्या घरचा दिवा विझतो, हे सारे सत्तेचेच प्रश्न आहेत.

ते पुण्याला नवे नाहीत. या शहराने त्यांचे एक उत्तर दीडशे वर्षांपूर्वी ऐकलेले आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीच्या निमित्ताने शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. गरिबांच्या शिक्षणासाठी पैसा नसताना साहेबाच्या स्वागताच्या आराशीवर तो उधळू नये, हा पैसा शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. सभागृहात ३२ सभासद होते. त्या प्रस्तावाविरुद्ध पडलेले मत एकच होते आणि ते जोतीरावांचे होते. ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे. पण आराशीच्या चर्चेत तिची आठवण क्वचितच काढली जाते.

जोतीरावांच्या या मताचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ते उत्सवाचे शत्रू नव्हते. आनंदाचे तर नव्हतेच. त्यांची हरकत दिव्याला नव्हती. करदात्याच्या पैशाने सत्ताधीशाच्या वाटेवर आरास करायची आणि ज्याच्या मुलाला अक्षर मिळालेले नाही त्या करदात्याने ती कौतुकाने पाहत उभे राहायचे, या व्यवस्थेला त्यांची हरकत होती. आरास आणि उजेड यांतला फरक त्यांनी त्या एका मताने सांगितला. आरास डोळ्यांना दिपवते. उजेडात माणसाला आपली वाट दिसते. दोन्हींना लागणारे तेल एकच असते, म्हणूनच कोठे किती घालायचे याचा निर्णय सभागृहात व्हावा लागतो.

आराशीने सत्तेचा दिमाख मिरवण्याची रीत पुढेही चालू राहिली. १८९७ च्या जूनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव पुण्यात साजरा झाला, तेव्हा याच शहरातून प्लेगने प्रेते निघालेली होती, घरोघर सोजिरांच्या झडत्या झालेल्या होत्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीतील सरकारी निवासस्थानी सोहळा झाला आणि तेथून परतणाऱ्या रँडवर चापेकरांनी गोळ्या झाडल्या. त्या मार्गाविषयी मतभेद असू शकतात. पण शोकग्रस्त शहरात सरकारने मांडलेला झगमगाट लोकांना आनंद वाटत नाही, अपमान वाटतो, हा त्या रात्रीचा धडा निर्विवाद आहे.

साम्राज्य गेले, पण दिवे मोजण्याची हौस गेली नाही. अयोध्येत २०१७ पासून सरकारी पुढाकाराने दीपोत्सव होतो आणि दरवर्षी पणत्यांच्या संख्येचा जागतिक विक्रम नोंदवला जातो. २०२३ साली हा आकडा २२ लाखांच्या वर गेला. त्याच वर्षी एक चित्रफीत देशभर पाहिली गेली. विक्रमाची नोंद झाल्यानंतर गरीब घरांतील मुले घाटावरच्या पणत्यांत उरलेले तेल भांड्यांत गोळा करत होती. त्या तेलाची घरी फोडणी होणार होती. भाविकांच्या श्रद्धेची टिंगल करण्याचे येथे काही कारण नाही. पण दिव्यांची संख्या हाच जेव्हा उत्सवाचा हेतू होतो, तेव्हा दिव्याखालच्या तेलाची खरी गरज कोणाला आहे हे विचारण्याचे भान राज्यकर्त्यांना उरत नाही. त्या मुलांनी ते न विचारताच सांगून टाकले.

हा केवळ आपल्या देशाचा दोष नाही. थंडीच्या दिवसांत युरोपातील शहरांमध्ये प्रकाशकलेचे महोत्सव भरवण्याची पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. अॅमस्टरडॅममध्ये कालव्यांच्या काठी २०१२ पासून असा महोत्सव भरतो. इमारतींच्या दर्शनी भिंतींवर प्रकाशचित्रे टाकतात, पुलांखाली आणि पाण्यावर प्रकाशशिल्पे उभारतात आणि ती पाहायला दूरदूरचे प्रवासी येतात. यांतील काही कलाकृती खरोखर उच्च दर्जाच्या असतात. विजेचा दिवा हे आज कलावंताच्या हातातले रंगासारखेच साधन झाले आहे, हे मान्य करायला संकोच वाटण्याचे कारण नाही. रस्त्यावर मांडलेली कला पाहायला तिकीट काढून दालनात शिरावे लागत नाही, दरवानाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, हा तर तिचा मोठा गुण आहे.

पण या सर्व महोत्सवांत ज्याचे नाव सर्वांत मोठे, त्या फ्रान्समधील लिआँ शहराच्या दीपोत्सवाचा जन्म कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. १८५२ साली तेथील टेकडीवरच्या प्रार्थनामंदिरात मेरीमातेचा नवा पुतळा बसवायचा होता. मूळ मुहूर्त सप्टेंबरचा; पण नदीला पूर आला आणि समारंभ ८ डिसेंबरवर गेला. त्या संध्याकाळी वादळ उठले. धर्माधिकाऱ्यांनी योजलेले दारूकाम होते की नाही अशी स्थिती झाली. मग आभाळ निवळले आणि शहरातल्या सामान्य लोकांनी, कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता, आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या आणि ते रस्त्यावर उतरले. वरून ठरवलेला समारंभ डळमळला आणि खालून लोकांचा उत्सव उभा राहिला. ती चाल घराघरांतून टिकली. १९९९ पासून तिला चार दिवसांच्या भव्य प्रकाशमहोत्सवाचे रूप आले, लाखो प्रवासी येऊ लागले, शहराचा व्यापार वाढला. पुढे १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसवर दहशतवादी हल्ला झाला आणि त्या वर्षीचा भव्य महोत्सव रद्द करावा लागला. तेव्हा लिआँच्या लोकांनी मृतांच्या स्मरणार्थ पुन्हा खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. प्रकल्पक विझले, पण घरचा दिवा लागलाच. दुःखाच्या दिवशी सोबतीला कोणता उजेड येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

ओंकारेश्वराच्या पायऱ्यांवरच्या पणतीचे मोल याच जागी आहे. ती लावणारा आणि पाहणारा ही दोन वेगळी माणसे नसतात. दहा रुपयांचे तेल आणि एक वात घेऊन आलेली बाई त्या रात्रीच्या देखाव्याची निर्माती असते. तिच्या शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाची पणती वाऱ्याने विझली तर ती आपल्या पणतीने ती पेटवून देते आणि त्यासाठी तिला कोणाची परवानगी लागत नाही. त्रिपुराच्या साडेसातशे वाती वळण्यासाठी घरोघरच्या स्त्रियांनी कित्येक दुपारी घालवलेल्या असतात. ते श्रम धर्मकृत्य म्हणून होतात, त्यांची कोठे मोजदाद नसते. पण त्या संध्याकाळचे सौंदर्य त्यांच्याच बोटांतून आलेले असते. याउलट जाहिरातदारांच्या पैशाने उभारलेल्या रोषणाईसमोर नागरिकाला एकच काम उरते, ते म्हणजे मान वर करून पाहणे आणि भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढणे. गणेशोत्सवात हा बदल पुण्याने डोळ्यांदेखत पाहिला आहे. वाड्यावाड्यांतून गोळा होणाऱ्या वर्गणीची जागा रस्ता अडवणाऱ्या जाहिरातींच्या कमानींनी घेतली. दिवे वाढले, पण मंडळाशी असलेले पेठकऱ्याचे नाते तेवढ्या प्रमाणात वाढले असे म्हणवत नाही.

तथापि पणतीचे गुणगान करताना तिचा इतिहास झाकून ठेवता येणार नाही. देवळाच्या पायरीवर दिवा लावण्याचा अधिकार या शहरात सर्वांना सहज मिळालेला नाही. १९२९ साली पर्वतीचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी पुण्यात सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज त्याच्या अग्रभागी होते, काकासाहेब गाडगीळ त्यात होते, तरुण एस. एम. जोशी त्यात होते. सत्याग्रहींना सनातन्यांचा मार खावा लागला आणि पर्वतीचे दार तेव्हा उघडले नाही. आज त्याच पर्वतीवर त्रिपुरी पौर्णिमेला जो कोणी दिवा लावतो, त्याच्या दिव्यात त्या सत्याग्रहींचेही तेल आहे. लोकोत्सव खरोखर लोकांचा आहे की नाही, हे तेथे किती गर्दी जमली यावरून ठरत नाही. तेथून कोणाला परत पाठवले जात होते आणि आज कोणाला यावेसेच वाटत नाही, यावरून ते ठरते.

आता विजेच्या दिव्याकडे वळावे. तेलाचे मोल डोळ्यांना दिसते. विजेचे दिसत नाही. बटण दाबले की उजेड पडतो, त्यामुळे तो कोठून येतो हा प्रश्नच मनात उठत नाही. नारायण पेठेला मात्र तो प्रश्न टाळता येणार नाही. मुळशी पेट्यात टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले आणि १९२१ साली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला, तेव्हा त्या लढ्याची बाजू मांडणारे पुढारी पुण्यातलेच, केसरीवाड्याच्या वर्तुळातले होते. सेनापती बापटांनी त्यासाठी वारंवार तुरुंगवास पत्करला. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा होती. पण त्याच पुण्यातील अनेक सावकार मुळशीच्या जमिनींचे मालक होते. भरपाईचा आकडा पटताच ते मोकळे झाले. ज्यांचा घाम त्या मातीत होता ते कसणारे तेवढे मागे राहिले. धरण पुरे झाले, पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरले आणि तेथे निर्माण झालेल्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढे कोयनेचे धरण झाले. महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणून त्याचा गौरव झाला, आणि ज्यांनी घरे-शेते सोडली त्यांच्या पिढ्या पुनर्वसनासाठी मोर्चे काढीत राहिल्या. मावळातली आणि जावळीतली पाण्याखाली गेलेली गावठाणे ध्यानात घेतल्याशिवाय शहरातल्या कोणत्याही झगमगाटाचा हिशेब पुरा होत नाही.

हा केवळ जुना इतिहास आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. २००५-०६ च्या सुमारास महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा होता आणि खेड्यापाड्यांत दहा-दहा, बारा-बारा तासांचे भारनियमन चालू होते. त्या वेळी पुण्यात एक तोड काढण्यात आली. मोठ्या कारखान्यांनी स्वतःची जनित्रे चालवायची, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळायची आणि तिच्या जादा खर्चापोटी ग्राहकांनी वेगळा आकार भरायचा. वीज नियामक आयोगाच्या संमतीने २००६ साली शहर भारनियमनमुक्त झाले आणि 'पुणे प्रारूप' म्हणून त्याचे कौतुक झाले. व्यवस्थापन म्हणून ती युक्ती चतुर होती यात शंका नाही. पण तिच्यामागचा विचार सरळ होता : ज्याच्या खिशात पैसा त्याच्या घरी दिवा. उजेड हा नागरिकाचा हक्क न राहता ऐपतीची वस्तू झाला.

आज तुटवड्याचे ते दिवस मागे पडले आहेत. विषमता मागे पडलेली नाही. त्रिपुरी पौर्णिमा येते तेव्हा रब्बीचा हंगाम सुरू झालेला असतो. गव्हाला, कांद्याला, हरभऱ्याला पाणी द्यायचे असते आणि शेतीपंपाची वीज अनेक भागांत पाळीपाळीने, अनेकदा रात्री येते. पुणे जिल्ह्याच्याच जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागांत उसाच्या फडांतून बिबट्यांचा वावर आहे. त्या अंधारात हातात विजेरी घेऊन शेतकरी थंडीत बारे धरतो. दिवसा वीज द्या, ही त्याची मागणी जुनी आहे. राज्य सरकारने सौर कृषिवाहिनी योजनेद्वारे ती पुरी करण्याचे आश्वासन दिले आहे आणि २०२३ साली त्या योजनेचा दुसरा टप्पा जाहीर केला आहे. आश्वासनाची वीज बांधावर किती पोहोचली हे मोजण्याचे काम त्या शेतकऱ्याबरोबर शहरातल्या कार्यकर्त्यानेही करायला हवे. कारण हे दोन अंधार आणि दोन उजेड एकमेकांपासून दूर नाहीत. नारायण पेठ, सदाशिव पेठ, शनिवार पेठ येथील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले-मुली रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली बसलेली असतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली ही मुले बहुतांशी शेतकऱ्यांची आहेत. बाप गावी रात्रीच्या पाळीने पाणी देतो; त्याने पाठवलेल्या पैशातून मुलगा पेठेतल्या खुर्चीचे भाडे भरतो. एकाच घराची रात्र अशी दोन ठिकाणी जागत असते. त्रिपुरी पौर्णिमेला ही मुलेही पुस्तक मिटून घटकाभर नदीकडे येतात. गर्दीतल्या या पाहुण्याला पेठेच्या उत्सवात काही जागा आहे काय, हा विचार पेठकऱ्यांनी करायला हरकत नाही.

ज्या नदीकाठी हा उत्सव होतो, तिच्याविषयीही दोन शब्द बोलणे भाग आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचे फुटले आणि मुठेचे पाणी नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा या काठच्या वस्त्यांत शिरले. वाडे कोसळले, संसार वाहून गेले, पुण्याचे नळ कोरडे पडले. त्या पुरात नदीकाठाने उजेडाचे खरे मोल जाणले. ज्या घरी कंदील होता, ते घर आश्रयस्थान झाले. त्या पिढीतील माणसे आता थोडी उरली आहेत. आज त्या नदीत वर्षाचे बाराही महिने शहराचे सांडपाणी मिसळते आणि उत्सवाच्या रात्री त्याच पाण्यात आपण दिवे सोडतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटावाट्यांवर बंदी आली असली, तरी पाण्यावर तरंगणारा प्रत्येक दिवा पानाच्या द्रोणातला असतो असे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तेलकट पणत्या, काजळलेल्या वाती, फुले आणि पिशव्या गोळा करायला सफाई कामगार येतात आणि कचरा वेचणाऱ्या बाया येतात. रात्रीच्या छायाचित्रांत त्या नसतात. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली याच शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक ही कामगार आहे आणि तिच्या श्रमाला दाम व मान मिळाला पाहिजे, हा विचार तिने पुण्याला शिकवला. दीपोत्सवाच्या दुसऱ्या दिवसाची पहाट ही त्या शिकवणीची परीक्षा असते.

विजेच्या रोषणाईचा आणखी एक बोजा मुक्या जिवांवर पडतो. मुंबई आणि परिसरातील महापालिकांनी सुशोभीकरणाच्या नावाखाली रस्त्याकडेच्या झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या. बुंध्यांत खिळे ठोकले गेले, पाखरांची झोप उडाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ साली न्यायालयाने शासनाकडे व पालिकांकडे खुलासा मागितला. झाडालाही रात्र हवी असते, ही साधी गोष्ट सांगायला न्यायालयात जावे लागावे, हे आपल्या नगररचनेचे दारिद्र्य आहे. पॅरिसचा आयफेल मनोरा हा जगभर प्रकाशाचे प्रतीक मानला जातो. २०२२ साली युद्धामुळे ऊर्जेची टंचाई जाणवू लागली, तेव्हा त्याचे दिवेही रात्री पावणेबारालाच मालवण्याचे ठरले. त्यामुळे पॅरिसची शोभा गेली नाही. वेळेवर दिवा मालवणे हाही सुसंस्कृतपणाच आहे. आपल्या घरोघरी आजी ते रोज करीत आली आहे.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष उत्सव बंद करा असा नाही. श्रमणाऱ्या माणसाला भाकरीइतकाच सौंदर्याचा हक्क आहे, आणि ज्या विचाराला हे मान्य नाही तो समाजवाद नव्हे, ते एक कोरडे व्रत आहे. म्हणून आग्रह धरायचा तो उत्सवाच्या लोकशाहीचा. सार्वजनिक रोषणाईवर पालिकेचा किती पैसा खर्च होतो, किती जाहिरातदारांकडून येतो आणि त्या बदल्यात त्यांना शहराचा कोणता भाग वापरायला मिळतो, याचा हिशेब दरवर्षी नागरिकांपुढे आला पाहिजे. सुशोभीकरणाच्या दिव्यावर रुपया खर्च करण्यापूर्वी ज्या बोळात, ज्या झोपडवस्तीच्या चढावर, ज्या सार्वजनिक शौचालयाच्या वाटेवर रात्री बाईला एकटीने जाण्याची भीती वाटते, तेथील खांब लागला आहे की नाही हे तपासले पाहिजे. त्याची यादी करायला कोणा सल्लागार कंपनीची गरज नाही. वस्तीतल्या चार बायका एका संध्याकाळी ती करून देतील. पणत्या घ्यायच्या त्या बाहेरून ट्रकांनी येणाऱ्या साच्यातल्या पणत्यांऐवजी कुंभारवाड्यातल्या कारागिराकडून, त्याला परवडेल अशा दराने आणि आगाऊ मागणी देऊन घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी राबणाऱ्या कामगारांना हातमोजे आणि जादा कामाचा मोबदला मिळावा आणि घाट स्वच्छ करण्यात आदल्या रात्री दिवे लावणाऱ्या मंडळींनीही हात घालावा. रोषणाई मालवण्याची वेळ ठरावी आणि पाळली जावी. झाडे मोकळी ठेवावीत. प्रकाशकलेला जागा द्यायचीच असेल तर ती या शहरातील कलाविद्यार्थ्यांना, वीजतंत्र्यांना आणि मांडववाल्या कारागिरांना एकत्र बसवून द्यावी. देखाव्याचा विषय मुळशीचे बुडालेले गाव, पानशेतची रात्र, पर्वतीचा सत्याग्रह असाही असू शकतो. जाहिरातदार त्याला पैसे देणार नाही; वर्गणी गोळा करणारा कार्यकर्ता देऊ शकेल.

कार्यकर्त्यांनी या गर्दीपासून दूर राहू नये, हे त्याच कारणाने सांगायचे आहे. ज्यांना माणसामाणसांत भिंती घालायच्या आहेत ते अशा प्रत्येक उत्सवात हजर असतात, झेंडे घेऊन असतात आणि उद्या दिवा कोणी लावायचा व कोणी नाही हे ठरवण्याची त्यांची तयारी असते. त्यांना उत्तर द्यायचे तर घाटावरच्या बाईशेजारी बसून द्यावे लागेल. दूर कट्ट्यावर बसून पुराणकथेचे खंडन करणाऱ्याचा आवाज तिथपर्यंत पोहोचत नाही. अभ्यासिकेतल्या मुलाला, कचरा वेचणाऱ्या बाईला, पूर्वी ज्याला पायरी चढू दिली नाही त्या वस्तीतल्या माणसाला आणि शेजारच्या मुसलमान कुटुंबाला हाक मारून आणले, प्रत्येकाच्या हाती वात दिली, तर उत्सवाचे स्वरूप कोणताही ठराव न करता बदलते.

आणि ज्या सभागृहात रोषणाईच्या खर्चाला मंजुरी दिली जाते, तेथे विरोधात एकच हात वर झाला तरी तो वर झाला पाहिजे. ३२ जणांच्या सभेत जोतीरावांचे मत हरले होते. ठराव मंजूर झाला असेल, आरासही झाली असेल. ती कशी होती हे आज कोणाला आठवत नाही.